मऊ म्हणजे सपाट नव्हे

हा वाद एका फोटोवरून सुरू झाला, म्हणून आधी त्या फोटोबद्दल.

भिलाई पोलाद कारखान्यातून निवृत्त झालेल्या मराठी कामगारांच्या आठवणींचं एक पुस्तक तयार होत आहे. ही माणसं भंडारा, गोंदिया, नागपूर, अमरावती अशा ठिकाणांहून इथे आली आणि सेक्टरांमधल्या क्वार्टरांत आयुष्य काढून इथलीच झाली. त्यांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करून प्रमाण मराठीत आणायचं काम माझ्याकडे आहे. प्रत्येकाचा पानभर फोटो काढायचं काम एका व्यावसायिक छायाचित्रकाराकडे आहे. एकूण वीस जण. त्यांत माझे बाबाही आहेत. ब्लास्ट फर्नेसवर त्यांनी ३८ वर्षं काढली.

फोटो छापून आले तेव्हा आईने बाबांचा फोटो हातात घेतला, चष्मा सारखा केला आणि विचारलं, "हा कोन होय?"

बाबांनी वाकून पाहिलं. "किसी बैंक के बाबू का है. माझा पुढच्या पानावर असन."

फोटो वाईट नव्हता. डोळे स्वच्छ, कपडे नीट, चेहऱ्यावर छान उजळपणा. फक्त बाबांच्या डाव्या गालावर ठिणग्यांनी पाडलेले चार खड्डे आहेत, ते त्यात नव्हते. कपाळावर हेल्मेटने उठवलेली रेघ नव्हती. मला वाटलं, संगणकावर पुसलं असणार. छायाचित्रकाराने मूळ फाइल दाखवली. काहीही पुसलेलं नव्हतं. ते खड्डे उजेडानेच बुजवले होते.

त्याने मांडणी सांगितली. एका बाजूने १२० सेंटिमीटरचा ऑक्टाबॉक्स, दुसऱ्या बाजूने पांढरा रिफ्लेक्टर, हनुवटीखाली आणखी एक रिफ्लेक्टर. वीसही जणांना हेच. "वयस्क लोकांना सॉफ्ट लाइटच द्यायचा असतो, मॅडम. त्यात रिस्पेक्ट दिसतो." संपादक मंडळातल्या एका गृहस्थांनी लगेच दुसरं टोक गाठलं. त्यांचं म्हणणं, सगळं कृष्णधवल करा, उघडा फ्लॅश बाजूने मारा, सुरकुत्या कोरून काढा, म्हणजे 'कामगार' दिसेल.

मला या दोघांशीही भांडायचं आहे. आणि लेखाच्या शेवटी, नाइलाजाने, स्वतःशीही.

आधी एक गोंधळ दूर करायला हवा. दिव्यापुढे छत्री, सॉफ्टबॉक्स, ब्यूटी डिश, जाळीची ग्रिड असं जे काही लावतात त्याला छायाचित्रणात मॉडिफायर म्हणतात. कोणता मॉडिफायर घ्यावा यावर बोलताना 'सॉफ्ट' हा एकच शब्द तीन वेगवेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो, आणि सगळी फसगत तिथे होते.

पहिली गोष्ट सावलीच्या कडेची. कड मऊ पडणार की कडक, हे चेहऱ्याच्या जागेवरून उजेडाचा उगम केवढा दिसतो त्यावर ठरतं. सूर्याचा व्यास सुमारे १४ लाख किलोमीटर आहे, पण तो १५ कोटी किलोमीटर दूर असल्यामुळे आपल्याला जेमतेम अर्ध्या अंशाएवढा दिसतो. म्हणून मे महिन्यात सुपेल्याच्या बाजारात उभ्या माणसाच्या नाकाची सावली ब्लेडने कापल्यासारखी पडते. जुलैत ढग आले की अख्खं आभाळच दिवा होतं आणि तीच कड विरघळते. ९० सेंटिमीटरचा सॉफ्टबॉक्स चेहऱ्यापासून एक मीटरवर ठेवला तर मोठा दिवा असतो. तोच चार मीटरवर नेला तर छोटा, म्हणजे बऱ्यापैकी कडक. डब्यावर 'सॉफ्ट' छापलेलं असल्यामुळे उजेड मऊ होत नसतो.

दुसरी गोष्ट दिशेची. खड्डा, सुरकुती, दाढीचे खुंट दिसतात ते मुख्यतः उजेड कुठून येतो त्यावर. नांगरलेल्या शेतातली तासं भर दुपारी दिसत नाहीत, संध्याकाळी तिरकं ऊन पडलं की दिसतात. गालाचंही तसंच आहे.

तिसरी गोष्ट भरावाची. सावलीत पडलेल्या भागाकडे किती उजेड परत पाठवायचा? याला छायाचित्रकार 'फिल' म्हणतात. रिफ्लेक्टर हे काम मुद्दाम करतो, पांढरी भिंत आणि छत न सांगता करतात.

कड, दिशा, भराव. तिन्ही स्वतंत्रपणे कमी-जास्त करता येतात. आपल्याकडे मात्र 'सॉफ्ट लाइट' म्हटलं की तिन्ही एका पुडक्यात बांधून मिळतात: मोठा दिवा, जवळजवळ समोरून, आणि सावलीत ठासून भराव. बाबांचे खड्डे ऑक्टाबॉक्सने बुजवलेले नाहीत. ते दोन रिफ्लेक्टरांनी आणि खोलीच्या चार भिंतींनी बुजवले. म्हणजे माझं भांडण मऊ उजेडाशी नाही, सावलीच्या भीतीशी आहे. मऊ म्हणजे सपाट नव्हे.

पुरावा हवा असेल तर रिचर्ड अॅव्हेडनचं 'इन द अमेरिकन वेस्ट' पाहावं. १९७९ ते १९८४ या काळात त्याने अमेरिकेच्या पश्चिम भागातले खाणकामगार, ट्रकचालक, भटके लोक पांढऱ्या कागदापुढे उभे केले, तेही सावलीच्या जागी, थेट ऊन टाळून. उजेड पूर्ण मऊ आहे. तरीही त्या चेहऱ्यांवरची काजळी, ओरखडे, थकवा यांतलं काहीही सुटलेलं नाही. अर्विंग पेनने १९५० आणि १९५१ मध्ये पॅरिस, लंडन आणि न्यूयॉर्कमधल्या कष्टकऱ्यांना त्यांच्या अवजारांसह साध्या पडद्यापुढे उभं केलं. तिथे दिवसाचा नैसर्गिक उजेड आहे, मोठा आणि मऊ, पण चेहऱ्याची दुसरी बाजू अंधाराला सोडून दिलेली आहे. त्या माणसांचा आदर राखायला कुणाला त्यांच्या हनुवटीखाली पांढरा पुठ्ठा धरावा लागला नाही.

आपल्याकडचं उदाहरण सुब्रत मित्र यांचं. 'अपराजितो' (१९५६) साठी बनारसच्या घराचं अंगण कलकत्त्याच्या स्टुडिओत उभारलं होतं. मित्र यांनी त्या सेटवर पांढरं कापड ताणलं, दिवे त्या कापडावर मारले आणि तिथून खाली परतणारा उजेड वापरला. कारण सरळ होतं. चारी बाजूंनी उंच भिंती असलेल्या अंगणात उजेड वरच्या आभाळाच्या तुकड्यातूनच येतो. तो तसाच यायला हवा होता. मॉडिफायर सौंदर्यासाठी निवडला नव्हता, जागेकडे पाहून निवडला होता. आज 'बाउन्स लाइट' म्हणून जी युक्ती सर्रास वापरली जाते तिच्यामागचा हा विचार आपण विसरलो आणि कापड तेवढं ठेवलं.

आता सुरकुत्या कोरून काढू पाहणाऱ्या गृहस्थांकडे येते. उघड्या फ्लॅशचा त्यांचा आग्रह दिसायला क्रांतिकारी आहे, पण तोही चेहऱ्याकडे न बघताच केलेला आहे. आमच्या वीस जणांपैकी बहुतेक सावळे किंवा काळे आहेत. गोऱ्या त्वचेचा घाट बराचसा उजेड-सावलीच्या छटांमधून कळतो. गडद त्वचेचा घाट कळतो तो तिच्यावर उमटणाऱ्या चकाकीतून, म्हणजे उगमाच्या प्रतिबिंबातून. उगम छोटा आणि उघडा असेल तर घामेजल्या कपाळावर आणि नाकाच्या शेंड्यावर दोन-तीन जळके पांढरे ठिपके उमटतात, बाकी चेहरा काळ्यात जातो. उगम मोठा असेल आणि बाजूने येत असेल तर तीच चकाकी गालफडावरून लांब, सलग उतरते आणि हाडाचा आकार सांगते. सावळ्या चेहऱ्यावर 'वास्तव' दाखवायला कडक उजेडच लागतो, हा समज गोऱ्या चेहऱ्यांच्या फोटोंवरून उचललेला आहे.

तो कुठून आला हे या अंकाच्या वाचकांना वेगळं सांगायला नको. १९५० च्या दशकापासून कोडॅक कंपनी प्रयोगशाळांना रंग जुळवण्यासाठी एक नमुना-कार्ड पुरवत असे. त्यावर गोरी बाई असे आणि तिला 'शर्ली' म्हणत. शर्लीची त्वचा नीट आली की यंत्र नीट लागलं. निरनिराळ्या वर्णांच्या स्त्रिया एकाच कार्डावर यायला १९९० चं दशक उजाडावं लागलं. फिल्म गेली, कार्ड गेलं, पण सवय राहिली. पॉवर हाऊसच्या बाजारात पासपोर्ट फोटो काढायला गेलात तर "थोडा गोरा कर दूँ?" हे अजूनही सौजन्याने विचारलं जातं. भरपूर भराव ही त्याच प्रश्नाची न विचारता केलेली आवृत्ती आहे.

जागेचंही असंच. बहुतेक फोटो लोकांच्या क्वार्टरांत काढले गेले. दहा बाय दहाची खोली, फिकट डिस्टेंपर, खाली छत. अशा खोलीत आरपार छत्री लावली की निम्मा उजेड चेहऱ्यावर पडतो आणि उरलेला भिंतींवर आपटून परत येतो, शिवाय भिंतीचा रंग सोबत आणतो. दोघांच्या चेहऱ्यांवर हिरवट झाक आली ती आजाराची नव्हे, भिंतीची होती. इथे छत्री हे चुकीचं साधन आहे, ती कितीही स्वस्त आणि हलकी असली तरी. इथे हवा मध्यम सॉफ्टबॉक्स, त्यावर उजेड इकडेतिकडे सांडू न देणारी ग्रिड, तो चेहऱ्याच्या जवळ, आणि दुसऱ्या बाजूला रिफ्लेक्टरऐवजी काळं कापड, म्हणजे भिंतीचा उजेड परत येणार नाही. दिवा जवळ असला की आणखी एक गोष्ट आपोआप होते. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाईवर येतो, म्हणून एक मीटरवरच्या दिव्याचा उजेड चेहऱ्यावर पुरेसा पडतो आणि मागच्या भिंतीपर्यंत पोचताना थकतो. खोली मागे सरते, माणूस पुढे येतो. हे सगळं त्या छायाचित्रकाराला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. वापरलं नाही, कारण वापरायला माणसागणिक विचार करावा लागतो.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो खरा आहे. मानवशास्त्रज्ञ ख्रिस्तोफर पिनी यांनी मध्य प्रदेशातल्या नागदा या आमच्यासारख्याच कारखान्याच्या गावातल्या छायाचित्रणावर 'कॅमेरा इंडिका' (१९९७) हे पुस्तक लिहिलं. पुढे तिथल्या सुहाग स्टुडिओचे सुरेश पंजाबी यांच्या फोटोंवर स्वतंत्र पुस्तक केलं. त्या कामातून एक गोष्ट स्पष्ट होते. आपल्या भागातला माणूस स्टुडिओत जातो तो आहे तसा दिसायला नव्हे, आहे त्याहून बरा दिसायला. मग त्याच्या गालावरचे खड्डे राखायचा हट्ट धरणारी मी कोण? दुसऱ्याच्या चेहऱ्यावर माझं सौंदर्यशास्त्र का लादायचं?

हा आक्षेप मी मान्य करते, आणि तो माझ्याच बाजूचा आहे असंही म्हणते. आमच्या वीस जणांत एक काकू आहेत, कारखान्याच्या कँटीनमध्ये त्यांनी नोकरी केली. त्यांनी स्पष्ट सांगितलं, "मले गोरीपान काढ. पोट्टीच्या लग्नात फोटो काढणारानं काळीठिक्कर काढली होती." त्यांचा फोटो मोठ्या छत्रीने, समोरून, भरपूर भराव घालून काढावा. सुंदर येईल आणि खोटाही नसेल, कारण तो त्यांनी मागितलेला आहे. बाबांना मात्र कुणी विचारलं नव्हतं. पिनींच्या नागद्यात गिऱ्हाईक ठरवतं. आमच्या पुस्तकात मंडळाने ठरवलं, आणि त्याला आदर असं नाव दिलं.

राजनांदगाव इथून तासाभराच्या अंतरावर आहे. मराठी मातृभाषा असलेले आणि हिंदीत लिहिणारे मुक्तिबोध १९५८ पासून तिथल्या दिग्विजय महाविद्यालयात शिकवत. त्यांचा बिडी ओढतानाचा फोटो हिंदी वाचकाच्या मनात कायमचा बसलेला आहे. त्या बसलेल्या गालांच्या सावलीत कुणी रिफ्लेक्टर धरला असता तर काय उरलं असतं, याचा विचार आमच्या मंडळाने करावा.

आता माझ्याकडे.

फोटोवरून मी जेवढी तावातावाने बोलले, त्याच आठवड्यात स्वतःचा मजकूर पुन्हा वाचायला घेतला. बाबांची ध्वनिफीत लावली. त्यात ते म्हणतात, "भट्टीवर मानूस पहिले चेहऱ्यानं शिकते, मंग हातानं. चेहरा सांगते किती मागं सरकाचं ते." माझ्या मसुद्यात हे वाक्य असं आहे: "भट्टीवर माणूस आधी अनुभवाने शिकतो आणि मग कृतीने."

मी चेहराच काढून टाकला होता. त्यांनी सांगितलेली गोष्ट इतकी नेमकी होती. धग आधी चेहऱ्याला कळते, त्यावरून अंतर ठरतं, हात नंतर शिकतात. मी तिच्यावर 'अनुभव' नावाचा पांढरा रिफ्लेक्टर धरला. अशी जागा एक नव्हती. वैदर्भी क्रियापदं मी सरळ केली, मधली हिंदी आणि छत्तीसगढी वाक्यं मराठी केली, 'ड्यूटी'ची 'पाळी' केली, जी शिवी होती तिथे 'रागावून म्हणाले' घातलं. वीस माणसं वीस तऱ्हांनी बोलली होती. माझ्या मसुद्यात ती सगळी एकाच सुशिक्षित, निवृत्त, किंचित दमलेल्या आवाजात बोलत होती. मला कुणी सांगितलं असतं की हे सपाट आहे, तर मी म्हणाले असते, वाचनीय आहे.

तौलनिक साहित्याच्या वर्गात लॉरेन्स वेनुटी वाचून मीही एके काळी 'ओघवत्या' अनुवादाविरुद्ध भाषणं केली आहेत. तेव्हा शत्रू इंग्रजी होती आणि लांब होती. इथे एका मराठीतून दुसऱ्या मराठीत येताना मी तेच केलं आणि मला कळलंही नाही, कारण मऊपणा म्हणजे माया असं मी धरून चालले होते. म्हाताऱ्या माणसांची भाषा नीटनेटकी करून छापावी, लोकांनी हसू नये, हीच ती माया. छायाचित्रकार 'रिस्पेक्ट' म्हणाला तेव्हा मला राग आला तो बहुधा म्हणूनच. तो माझाच शब्द वापरत होता.

ओघवतं आणि सपाट यांतही तोच फरक आहे, जो मऊ आणि सपाट यांत. वाक्य सहज वाचता यावं, कडा बोचू नयेत, हे करता येतं. त्यासाठी सावली भरून काढावी लागत नाही. 'मंग' हा शब्द भंडाऱ्याबाहेरच्या वाचकाला अडत नाही. 'चेहऱ्यानं शिकते' हे तर कुणालाच अडत नाही.

छायाचित्रकार भला माणूस निघाला. तो एका संध्याकाळी एकच दिवा घेऊन परत आला. ग्रिड लावलेला सॉफ्टबॉक्स त्याने बाबांच्या उजव्या हाताला, डोक्याच्या थोडा वर, मीटरभरावर ठेवला, म्हणजे उजेड नाकावरून डाव्या गालावर तिरका घसरेल. डावीकडे आईची काळी शाल दोरीवर टाकली. चष्म्याच्या काचांत पांढरा चौकोन दिसत होता, म्हणून चष्म्याच्या दांड्या कानांवर जराशा उचलल्या. एवढं करायला वीस मिनिटं लागली. बाबा तोवर त्याला निळ्या काचेबद्दल सांगत होते. भट्टीत डोकावायचं तर उघड्या डोळ्यांना नुसता पांढरा लखलखाट दिसतो. कोबाल्टची निळी काच डोळ्यांपुढे धरली की आत काय शिजतंय ते कळतं. "बिना काच के देखोगे तो सब एकसारखाच दिसन," ते म्हणाले.

नंतर दोन्ही फोटो शेजारी ठेवले. बाबांनी दुसऱ्यावर बोट ठेवलं आणि चहा मागितला.

आता मंडळापुढे माझे तीन मुद्दे आहेत. एक, प्रत्येकाला दोन-तीन प्रकारच्या उजेडातले चाचणी-फोटो दाखवावेत आणि त्याने किंवा तिने निवडलेलाच छापावा. काकूंचा छत्रीचा आणि बाबांचा काळ्या शालीचा, दोन्ही. दोन, भराव मागितल्याशिवाय घालू नये. तीन, माझा मसुदा रद्द करून मूळ बोलण्याजवळ परत जाऊ द्यावं आणि नवा मजकूर ज्याचा त्याला मोठ्याने वाचून दाखवावा. कुणाला आपलं बोलणं प्रमाण मराठीत हवं असेल तर तेही करावं. काकूंना हवं असेल कदाचित.

मंडळाचं उत्तर आलं आहे. म्हणतात, अशाने पुस्तक एकसारखं दिसणार नाही. पानागणिक उजेड बदलेल, भाषा बदलेल, वाचक गोंधळेल. शिवाय छपाईची तारीख ठरलेली आहे.

तारखेचं मला कळतं. एकसारखेपणाचं कळत नाही. या भाषेतून त्या भाषेत रोज ये-जा करणारा वाचक एका पुस्तकातल्या वीस आवाजांनी गोंधळेल, असं मानणं हा त्याचा अपमान आहे. मी मंडळाला कळवलं आहे की जुनाच मसुदा छापायचा असेल तर त्यावर अनुवादक म्हणून माझं नाव घालू नये. फोटोंच्या बाबतीत निर्णय अजून व्हायचा आहे. बाबांनी मात्र स्वतःचा निर्णय घेतलेला आहे. पहिला फोटो त्यांनी टीव्हीमागच्या ड्रॉवरमध्ये टाकला आहे, कुणा बँकेच्या बाबूचा म्हणून.